फुंकर, रक्त आणि कागद

राष्ट्रीय महामार्ग ४८ आपल्याला परका नाही. पुण्याला वळसा घालून खंबाटकी चढणारा, साताऱ्यावरून कोल्हापूरला येऊन पंचगंगा ओलांडणारा आणि बेळगावात शिरणारा हाच रस्ता पुढे हुबळी, तुमकूर, बंगळूर, कृष्णगिरी, वेल्लोर करत चेन्नईला पोचतो. चेन्नईच्या अलीकडे साधारण चाळीस किलोमीटरवर श्रीपेरुंबुदूर लागतं. आपल्याला हे नाव २१ मे १९९१च्या रात्री तिथे झालेल्या राजीव गांधींच्या हत्येमुळे ठाऊक आहे, वैष्णवांना रामानुजाचार्यांचं जन्मगाव म्हणून. मालवाहतुकीतल्या माणसाला मात्र ते इरुंगाट्टुकोट्टई आणि ओरगडमच्या मोटारींच्या कारखान्यांमुळे माहीत असतं. चाकणसारखंच तेही मोटारींचं गाव, आणि दोन्हीकडच्या गाड्यांची ये-जा याच रस्त्याने.

समजा, चाकणहून निघालेल्या एका ट्रेलरच्या ड्रायव्हरला रात्री अकराच्या सुमारास श्रीपेरुंबुदूरजवळ थांबवलं. शिपायाने यंत्र तोंडासमोर धरलं, यानं फुंकर मारली, पडद्यावर ३८ आलं. तमिळमध्ये लिहिलेल्या कागदावर सही घेतली. त्याला वाचता आलं ते फक्त गाडीचा नंबर आणि तो ३८चा आकडा. मालकाचा फोन येतोय, माल पोचवायचाय, पुन्हा तारखेला यायचं तर हजार-अकराशे किलोमीटर. दंडाधिकाऱ्यांसमोर तो काय म्हणेल? ‘गुन्हा कबूल.’ दहा हजार भरेल आणि निघेल. त्याने प्यायली होती की नव्हती, हे मला माहीत नाही. प्यायली असेल तर शिक्षा व्हावी, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि सर्वाधिक अपघात, ६४,१०५, तमिळनाडूत नोंदले गेले. अवजड गाडीच्या चाकामागे झिंगलेला माणूस असणं हा विनोदाचा विषय नाही. पण त्या रात्रीचा ३८ हा आकडा कसा तयार झाला, हे विचारायचा हक्क कायद्याने त्याला दिलेला आहे. तो हक्क नेमका किती आहे, कुठे चालतो, कुठे चालत नाही, याचा हा आढावा.

आधी कायदा. १९३९च्या मोटार वाहन कायद्यात गुन्हा सिद्ध करायचा तर चालक गाडीवर नीट ताबा ठेवू शकणार नाही इतका अमलाखाली होता, हे दाखवावं लागे. १९८८च्या कायद्याच्या १८५व्या कलमाने दुसरं टोक गाठलं: रक्तात कितीही थोडं मद्य असलं तरी गुन्हा. १९९४च्या दुरुस्तीने मर्यादा घातली, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त, आणि तेही ‘श्वासविश्लेषकाच्या चाचणीत आढळलेलं’. या शब्दांवर पुढची पंचवीस वर्षं वकील भांडले: अपघातानंतर थेट इस्पितळात रक्त घेतलं, फुंकर घेतलीच नाही, तर १८५ लागतं का? २०१९च्या दुरुस्तीने प्रयोगशाळेच्या चाचणीसह इतर कोणतीही चाचणी चालेल असं घालून ते भांडण मिटवलं. शिक्षाही वाढवली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही. ड्रायव्हरच्या दृष्टीने याहून मोठी शिक्षा लायसनची. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५मध्ये राज्यांना सांगितलं की अशा प्रकरणात परवाना किमान तीन महिने निलंबित करा. दहा हजार एकदाच जातात. तीन महिने लायसन नसलेल्या ड्रायव्हरच्या घरची चूल कशी चालायची?

या संपूर्ण कायद्यात रेघेवरून चालून दाखवा, एका पायावर उभे राहा, असं काहीही नाही. ते चित्र आपल्या डोक्यात अमेरिकी सिनेमांनी भरवलं आहे. तिथे मात्र ते शास्त्र म्हणून उभं केलं गेलं. १९७०च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी अनेक कसरतींमधून तीन निवडल्या: डोळ्यांसमोर पेन हलवून बुबुळांची थरथर पाहणं, टाचेला अंगठा लावत नऊ पावलं चालून वळून परत येणं आणि तीस सेकंद एका पायावर उभं राहणं. १९८१च्या अभ्यासात बुबुळांची चाचणी ७७ टक्के, चालण्याची ६८ आणि एका पायाची ६५ टक्के वेळा बरोबर ठरली. म्हणजे एका पायावर डगमगलेल्या माणसाविषयी काढलेला निष्कर्ष तीनातून एकदा चुकत होता. पासष्टीपुढची माणसं, पाठीचं, गुडघ्याचं किंवा कानाच्या आतलं दुखणं असलेली, वजन फार असलेली माणसं न पिताही यात नापास होऊ शकतात, हे तिथल्या पोलिसांच्या प्रशिक्षण पुस्तिकेतच लिहिलेलं आहे. म्हणून तिथला बचावाचा वकील विचारतो: जमीन सपाट होती का, उजेड होता का, सूचना याच शब्दांत दिल्या का, चपलेची टाच किती होती. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०००मध्ये होमन खटल्यात सांगितलं की पुस्तिकेतली रीत तंतोतंत पाळली नसेल तर चाचणी पुरावा म्हणून चालणार नाही. विधिमंडळाने पुढे ती अट सैल केली, पण प्रश्न विचारायची सवय राहिली.

आपल्याकडे याचा भाऊबंद वेगळ्या जागी बसलेला आहे, सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरच्या छापील फॉर्मवर. तोंडाला वास, डोळे लाल, बाहुल्या विस्फारलेल्या, बोलणं अडखळतं, चाल डळमळीत. या रकान्यांवर खुणा होतात आणि खाली एक ओळ येते: ‘मद्य घेतलं आहे, पण अमलाखाली नाही’ किंवा ‘अमलाखाली आहे’. या फॉर्मचं वजन किती, हा प्रश्न मुंबईतूनच सर्वोच्च न्यायालयात गेला. बच्चूभाई हसनअल्ली कारियानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७१च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की रक्त तपासलेलं नाही, लघवी तपासलेली नाही, आणि वास, डळमळीत चाल, विस्फारलेल्या बाहुल्या, असंबद्ध बोलणं एवढ्यावरून माणूस प्यायलेला होता असं म्हणता येत नाही. अपघातानंतर कोणाचीही चाल डळमळेल, कोणाचंही बोलणं अडखळेल. पन्नास वर्षं झाली तरी हा निकाल बचावाच्या वकिलाच्या बॅगेत असतो. २०२५मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने बिहारच्या दारूबंदीतल्या एका प्रकरणात निव्वळ श्वासविश्लेषकाचा अहवाल पुरेसा नाही असं म्हटलं, तेव्हाही त्याच निकालाचा आधार घेतला.

पण त्याच्या मर्यादाही नीट ओळखाव्यात. २००७मध्ये दिल्लीत इंडिया गेटजवळ एक पोर्श गाडी आदळून जळाली. विमा कंपनीने पैसे नाकारले, कारण चालक प्यायलेला होता. चाचणी झालेलीच नव्हती. इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१मध्ये सांगितलं की फौजदारी शिक्षेसाठी लागणारी चाचणी झाली नाही म्हणून विमा कंपनीला अंमल सिद्धच करता येत नाही असं नाही. दिवाणी बाबतीत परिस्थितीजन्य पुरावा आणि शक्यतेचा कल पुरतो. एकाच रात्रीचा एकच माणूस फौजदारी कोर्टात सुटू शकतो आणि विम्याच्या दाव्यात हरू शकतो. गाडीच्या मालकाने हे लक्षात ठेवलेलं बरं.

तीस मिलिग्रॅम ही मर्यादा फार खाली आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत ती ८० आहे, युरोपात अनेक देशांत ५०. एवढ्या कमी पातळीवर अनेक माणसं नीट चालतात, नीट बोलतात, रेघेवरून जाऊनही दाखवतील. म्हणजे आपल्याकडे डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा गुन्हा सिद्धही करू शकत नाहीत आणि खोडूही शकत नाहीत. सगळा भार यंत्रावर येतो. ‘साहेब, मी सरळ चालतोय की’ हा बचाव इथे कुचकामाचा आहे. यंत्र काय मोजतं, हे विचारणं कामाचं.

यंत्र रक्त मोजत नाही. ते श्वासातलं मद्य मोजतं आणि एक गृहीत धरून रक्तातला आकडा काढतं: फुप्फुसाच्या खोल भागातून आलेल्या २१०० मिलिलिटर हवेत जेवढं मद्य तेवढंच एक मिलिलिटर रक्तात. या हिशेबाने ३० मिलिग्रॅम म्हणजे लिटरभर श्वासात सुमारे ०.१४ मिलिग्रॅम. हे प्रमाण प्रत्येक माणसात तंतोतंत तेवढंच नसतं. अंगात ताप असेल तर श्वासातलं मद्य वाढतं, एका अंशामागे साधारण सहा-सात टक्के. आकडा दीडशे असेल तर याने काही बिघडत नाही. ३८ असेल तर बिघडतं. सगळ्यात मोठा घोळ तोंडातल्या मद्याचा. नुकतीच घेतलेली दारू, ढेकरेबरोबर वर आलेला अंश, मद्यार्क असलेलं माउथवॉश, खोकल्याचं काही औषध, अंगदुखीवर घेतलेलं दशमूलारिष्ट: फुंकरीत ते मिसळलं की यंत्र फुप्फुसातली हवा समजून मोजतं आणि आकडा भलताच चढतो. उपाय साधा आहे. पंधरा मिनिटं थांबायचं, तोंडात काही जाऊ द्यायचं नाही, मग पुन्हा फुंकर घ्यायची. रात्रीच्या नाकाबंदीत मागे गाड्यांची रांग लागलेली असताना ती पंधरा मिनिटं कोण देतं? केरळात २०२५च्या जुलैमध्ये पंदळमच्या एसटी आगारात ड्रायव्हर न पिताच यंत्रात सापडायला लागले, तेव्हा शोध लागला तो पिकलेल्या फणसाच्या गऱ्यांचा. ते आगार होतं, वरिष्ठ समोर होते, पुन्हा फुंकर घेता आली. महामार्गावर ही सोय नसते.

अरिष्ट आणि आसवं यांच्याबद्दल एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. मुंबई दारूबंदी कायद्याच्या ६६व्या कलमात, रक्तात ०.०५ टक्के किंवा जास्त मद्य सापडलं तर ते औषधातून आलं हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर येते. म्हणजे तिथे औषध हा बचाव आहे. मोटार वाहन कायद्यात तो नाही. रक्तात तीसच्या वर मद्य असेल तर ते द्राक्षासवातून आलं की बाटलीतून, याने फरक पडत नाही. अरिष्टाचा उपयोग एवढाच की तोंडातल्या अंशामुळे आकडा फुगला, रक्तात तेवढं नव्हतं, हे दाखवता येतं. आणि ते दाखवायचं तर रक्त तपासलेलं असावं लागतं.

यंत्राची निगा हा दुसरा भाग. ठरावीक मुदतीत त्याला ज्ञात प्रमाणातल्या मद्याच्या वाफेवर तपासून जुळवून घ्यावं लागतं. प्रत्येक फुंकरीआधी कोऱ्या हवेवर शून्य दाखवावं लागतं. केरळ उच्च न्यायालयाने एका प्रकरणात गुन्हा रद्द केला, कारण पावतीवर माणसाने फुंकण्याआधीच्या कोऱ्या हवेच्या रकान्यात ४१२ असा आकडा छापलेला होता. हवाच प्यायलेली! पण त्या माणसाने पावती पाहिली, म्हणून ते कळलं. न्यू जर्सीतला २०१८चा कॅसिडी निकाल तर याहून मोठा. तिथल्या राज्य पोलिसांचा एक अधिकारी यंत्रं जुळवताना तापमापकाने द्रावणाचं तापमान पडताळायची एक पायरी गाळत होता. पाच काउंटींमधल्या वीस हजारांहून अधिक चाचण्या त्यामुळे संशयाच्या घेऱ्यात आल्या. त्यात मिडलसेक्सही होती, म्हणजे आपल्या मराठी मंडळींचं एडिसन ज्या काउंटीत आहे ती. एका तापमापकावरून न्यायालयाने हजारो निकाल पुन्हा उघडू दिले, कारण यंत्र बरोबर होतं हे सिद्ध करायचं काम सरकारचं आहे. आपल्याकडे २०३व्या कलमात यंत्र केंद्र सरकारने राजपत्रात मान्य केलेल्या प्रकारचंच असलं पाहिजे, असं लिहिलेलं आहे. हे यंत्र त्या प्रकारचं आहे का, त्याचा क्रमांक कोणता, शेवटचं कधी तपासलं, हे कागद मागणं हा आडमुठेपणा नाही. पेट्रोल पंपाच्या मापाला आणि किराणा दुकानातल्या काट्याला वैधमापनचा शिक्का लागतो. माणसाला तुरुंगात पाठवू शकणाऱ्या मापालाही तो हवा.

आता वेळ. फुंकर घ्यायची ती गुन्ह्यानंतर शक्य तितक्या लवकर. अटक झाल्यापासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर सोडून द्यावं लागतं, असं २०२वं कलम सांगतं. पोलीस ठाण्यात पुन्हा फुंकर द्यायची संधी द्यावी लागते. तिथे नोंदणीकृत डॉक्टरकडून रक्त घेता येतं. चालक स्त्री असेल आणि डॉक्टर पुरुष, तर दुसऱ्या स्त्रीच्या उपस्थितीतच. नकार दिला तर २०५व्या कलमाखाली तो नकार तुमच्याविरुद्ध जातो. ‘मला स्वतःविरुद्ध पुरावा द्यायला लावू नका’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. राज्यघटनेतलं ते संरक्षण साक्ष देण्याच्या सक्तीपुरतं आहे, शरीराच्या नमुन्यांना नाही, हे मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या १९६१च्या निकालाने ठरलं. त्यामुळे नकार देण्यापेक्षा ‘माझं रक्त घ्या’ असं स्वतःहून म्हणणं शहाणपणाचं, विशेषतः आकडा काठावरचा असेल तर. मद्य रक्तातून तासाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅमने उतरतं; शिवाय प्यायल्यानंतर ते आधी काही काळ चढत असतं. म्हणून चाचणीची वेळ आणि गाडी थांबवल्याची वेळ, दोन्ही लिहिलेल्या नसतील तर आकड्याला अर्थ उरत नाही.

आणि गुन्हा गाडी चालवण्याचा किंवा चालवू पाहण्याचा आहे. महामार्गाच्या कडेला गाडी लावून केबिनमध्ये झोपलेल्या माणसाला उठवून फुंकायला लावलं, तर त्याने प्यायल्यानंतर गाडी चालवली हे वेगळं सिद्ध करावं लागतं. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरच्या बाबतीत हा मुद्दा पुस्तकी नाही.

रक्ताच्या बाबतीत महाराष्ट्राजवळ देशातला बहुधा सर्वांत जुना आणि कडवट अनुभव आहे. दारूबंदी कायद्याच्या १९५९च्या नियमांत रक्त कसं घ्यायचं हे बारकाईने लिहिलेलं आहे: सुई टोचण्याआधी कातडी स्पिरिटने पुसायची नाही, कुपीत रक्त गोठू नये आणि सडू नये यासाठी रसायन हवं, कुपीवर डॉक्टरचं सील हवं. उखा कोल्हे खटल्यात १९६३मध्ये घटनापीठाने म्हटलं की त्या कायद्याने सांगितलेल्या वाटेनेच घेतलेलं रक्त चालेल असं नाही. पण कुपी कुठे होती, कोणाच्या ताब्यात होती, हे प्रश्न तिथेही उभे राहिलेच.

तेच प्रश्न चाळीस वर्षांनी वांद्र्याच्या हिल रोडवर आले. २८ सप्टेंबर २००२च्या पहाटे सलमान खानची गाडी बेकरीसमोर झोपलेल्या मजुरांवर गेली, एक जण मेला, चौघे जखमी झाले. जे.जे.मध्ये घेतलेल्या रक्तात ६२ मिलिग्रॅम मद्य निघालं. सत्र न्यायालयाने मे २०१५मध्ये पाच वर्षांची शिक्षा दिली आणि डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. घेतलेलं रक्त आणि प्रयोगशाळेत पोचलेलं रक्त यांच्या मापात तफावत, मधले दोन दिवस नमुना नीट ठेवला होता का याचा पत्ता नाही, हातोहातीची साखळी तुटलेली. राज्य सरकारने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील केलं. ‘पैशाने सुटला’ असं लोक म्हणाले. मला हा निकाल वाचताना राग येतो तो मात्र त्या कुपीच्या प्रवासाचा, कारण पदपथावर झोपलेल्यांचा न्याय त्या कुपीत होता.

शेजारच्याच कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ला अ‍ॅलिस्टर परेराच्या गाडीखाली सात मजूर मेले. रक्तात ०.११२ टक्के मद्य. इथे साक्षी, वैद्यकीय तपासणी आणि प्रयोगशाळेचा अहवाल एकमेकांना धरून उभे राहिले. उच्च न्यायालयाची तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२मध्ये कायम केली. वकील दोन्हीकडे तगडे होते. फरक कागदाचा होता. आणि पुण्यात कल्याणीनगरच्या मे २०२४च्या पोर्श अपघातात तर अल्पवयीन चालकाच्या रक्ताची कुपीच बदलल्याचा आरोप आहे. दुसऱ्या इस्पितळात घेतलेल्या नमुन्याचा डीएनए जुळला नाही, म्हणून ते बाहेर आलं. आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत. पण नमुन्यावर प्रश्न विचारणं हे काम एरवी बचावाच्या वकिलाचं समजलं जातं. इथे मेलेल्या दोन तरुण अभियंत्यांच्या बाजूने ते विचारावं लागलं.

श्रीपेरुंबुदूरच्या ड्रायव्हरकडे परत येऊ. त्याला वरच्यापैकी एकही प्रश्न विचारता येत नाही, कारण कागद त्याच्या भाषेत नाही. याबाबत अगदी अलीकडे एक गोष्ट घडली, तीही मुंबईच्याच एका अपघातातून. वरळीत ७ जुलै २०२४ला बीएमडब्ल्यूखाली एका स्त्रीचा मृत्यू झाला. चालक असल्याचा आरोप असलेल्या तरुणाला अटक झाली दोन दिवसांनी. रक्तात काही सापडण्याची वेळ तोवर टळून गेली होती. मिहिर शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या त्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ला सांगितलं की कोणत्याही गुन्ह्यात अटकेची कारणं लेखी आणि अटक झालेल्याला कळेल अशा भाषेत द्यावीत. लगेच जमलं नाही तर दंडाधिकाऱ्यांसमोर नेण्याच्या किमान दोन तास आधी. श्रीमंत घरातल्या तरुणाच्या प्रकरणातून आलेला हा नियम मराठी ड्रायव्हरला तमिळनाडूत आणि तमिळ ड्रायव्हरला चाकणमध्ये सारखाच लागू आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. त्यासाठी मागावा मात्र लागतो, आणि असा वकील असतो हे माहीत असावं लागतं.

वाहतूकदारांच्या संघटना टायर, डिझेल आणि टोलबद्दल ड्रायव्हरला सगळं सांगतात. गाडीच्या कागदांच्या फाईलमध्ये आणखी एक पान ठेवायला हरकत नाही, मराठीत आणि तमिळमध्ये समोरासमोर छापलेलं: माझी भाषा मराठी आहे. मला कागद वाचून दाखवा. फुंकर पंधरा मिनिटांनी पुन्हा घ्या. यंत्राची पावती द्या, त्यावर कोऱ्या हवेचा आकडा आणि वेळ असू द्या. माझं रक्त तपासा. मला वकील हवा आहे.